छपाई बिघडते ती छापण्याआधी

लग्नपत्रिका, शाळेची स्मरणिका, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, पदरमोड करून काढलेला कवितासंग्रह, दिवाळी अंकातली जाहिरात. वर्षभरात मराठी घरांतून आणि संस्थांतून छापखान्याकडे जाणाऱ्या कामांची यादी लांबलचक आहे. काम छापून हातात आले की होणाऱ्या तक्रारीही ठरलेल्या असतात. संगणकावर झळाळणारा भगवा कागदावर विटकरी दिसतो. अध्यक्षांचा फोटो धुरकट येतो. कडेला असलेला फोन नंबर अर्धा कापला जातो. मथळ्यातला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. सगळ्याचे खापर अर्थातच छापखान्यावर फुटते. छापखान्यांच्याही चुका होतात, शाई कमीजास्त पडते, कटिंग तिरके जाते, हे कोणी नाकारणार नाही. पण वर सांगितलेल्या दोषांपैकी एकही सहसा यंत्रावर घडलेला नसतो. तो आधी फाईलमध्ये असतो आणि यंत्र तो इमानेइतबारे हजार प्रतींवर उतरवते. छपाईची फाईल तयार करणे हे छपाईतलेच एक काम आहे. पूर्वी ते चार-पाच वेगवेगळे कारागीर करत. ते कारागीर गेले, पण त्यांचे काम शिल्लक राहिले आणि फाईल बनवणाऱ्याकडे आले. अडचण एवढीच की, ते आपल्याकडे आले आहे हे त्याला कोणी सांगितलेच नाही.

हे कारागीर कोण होते ते पाहिले की कामाची व्याप्ती ध्यानात येते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत चित्रांचा छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. घराघरांतल्या भिंतींवर लागलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी तिथे शिळाछापावर निघत. चित्रातला प्रत्येक रंग वेगळ्या दगडावर चढवावा लागे आणि एकेका चित्राला असे अनेक दगड लागत. कुठल्या दगडावर किती रंग घ्यायचा, कोणता रंग कोणत्या रंगावर बसला की अंगकांती उतरेल आणि कोणता बसला की शालूचा काठ, हे मूळ चित्राकडे बघून ठरवणे हाच एक स्वतंत्र व्यवसाय होता. त्यासाठी जर्मन तंत्रज्ञ आणले गेले होते. खिळ्यांच्या छपाईतही तीच गत होती. लेखकाचे हस्तलिखित कंपोझिटरकडे जाई, त्याच्याकडून गॅली-प्रुफे निघत, मुद्रितशोधक ती तपासून देई, चित्रांचे ब्लॉक ब्लॉकमेकर करी आणि मग पान बांधले जाई. ऑफसेट आल्यावर कॅमेरामन, निगेटिव्ह-पॉझिटिव्हवर हात फिरवणारा रिटचर, फिल्मचे तुकडे आखणीप्रमाणे चिकटवणारा आणि प्लेट करणारा अशी नवी साखळी तयार झाली. यातला प्रत्येक माणूस आधीच्याच्या चुका पकडत असे. चूक यंत्रापर्यंत पोहोचायची तर तिला चार-पाच जाणकार नजरांतून निसटावे लागे.

१९८४-८५ च्या सुमाराला ही साखळी तुटायला सुरुवात झाली. अ‍ॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा, अ‍ॅपलचा लेझर प्रिंटर आणि ऑल्डसचे पेजमेकर ही तीन साधने एकत्र आली, आणि एका टेबलावर बसून एका माणसाला अख्खे पान लावता येऊ लागले. आपल्याकडे गल्लोगल्ली ‘डीटीपी’च्या पाट्या लागल्या त्या या बदलानंतर. १९९३ मध्ये पीडीएफ आली. पुढे संगणकावरून थेट प्लेट काढणारी यंत्रे आली आणि फिल्मही गेली. आज फाईल ई-मेलने जाते, प्लेट होते आणि छापली जाते. मधे थांबून ‘अहो, हे असेच हवे आहे का?’ असे विचारणारा माणूस उरलेला नाही. वेळ आणि पैसा दोन्ही वाचले, यात वाद नाही. मात्र रंग वेगळे करणे, काळ्याचा निर्णय घेणे, चित्राचा आकार ठरवणे, कापण्याची जागा सोडणे आणि अक्षरे सांभाळणे ही कामे जिथल्या तिथे आहेत. ती कोणी जाणीवपूर्वक केली नाहीत, तर सॉफ्टवेअर आपल्या ठरीव समजुतीने उरकून टाकते. बिघाड होतो तो याच उरकण्यात.

आधी रंगाचे घेऊ. पडदा प्रकाशाने रंगवतो. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून तो पांढऱ्यापर्यंत जातो. कागदावर मामला उलटा. तिथे सायन, मॅजेन्टा, पिवळा आणि काळा या चार शाया पांढऱ्या कागदावरून परतणारा प्रकाश गिळतात. गिळून उरलेल्या प्रकाशात पडद्याइतकी झळाळी येणार कशी? पोपटी, गडद मोरपंखी आणि झगझगीत केशरी हे रंग पडद्यावर दिसतात तसे या चार शायांतून निघूच शकत नाहीत. आपल्याकडच्या भगव्याचे दुखणे इथले आहे. छपाईतला भगवा म्हणजे पूर्ण पिवळ्यावर साधारण साठ-पासष्ट टक्के मॅजेन्टा. त्यात सायनचे चार-पाच टक्के मिसळले तरी तो मातकट होतो, कारण सायन हा केशरीचा विरोधी रंग आहे. पडद्यासाठी निवडलेला भगवा डोळे मिटून रूपांतरित केला की ते चार-पाच टक्के बऱ्याचदा नकळत शिरतात. रंग आकड्यांनी ठरवून दिला, सायन आणि काळा शून्यावर ठेवला, तर तोच भगवा स्वच्छ येतो. त्याहून झळाळी हवी असेल तर पाचवी, खास मिसळलेली शाई वापरायची. पँटोनची क्रमांकित रंगपद्धत १९६३ पासून यासाठीच आहे. कागदाचाही वाटा असतो. चकचकीत आर्ट पेपरवर शाई वर राहते, तर मॅपलिथोसारख्या कागदात ती मुरते आणि पसरते. फाईलमधला पन्नास टक्क्यांचा ठिपका अशा कागदावर पासष्टच्या पुढे गेल्यासारखा दिसतो. म्हणून कागद कोणता हे ठरल्याशिवाय फोटोचा उजेड-अंधार ठरवण्यात अर्थ नसतो.

काळा तर सगळ्यांत फसवा. डोळ्यांना काळा एकच दिसतो, छपाईत मात्र तो अनेक प्रकारे तयार होतो. पडद्यावरचा शुद्ध काळा घेऊन फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकी मांडणीत छपाईच्या रंगांत बदला आणि आकडे पाहा. सायन ७५, मॅजेन्टा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९०. बेरीज ३००. म्हणजे एका अक्षराच्या जागी शाईचे तीन पूर्ण थर. मोठ्या चित्रातल्या सावलीला ते शोभते, पण बारीक मजकूर असा छापला की दोन संकटे येतात. चार प्लेट एकमेकींवर तंतोतंत बसल्या तरच अक्षर कडक उमटते. कागद धावत्या यंत्रात केसभर जरी सरकला तरी प्रत्येक वेलांटीला गुलाबी-निळी किनार दिसू लागते. दुसरे संकट वाळण्याचे. आर्ट पेपर तीनशेच्या थोडे वरपर्यंत शाई सोसतो, वर्तमानपत्राचा कागद मात्र २४० टक्क्यांच्या आसपासच दम टाकतो. त्यापुढची शाई वाळत नाही आणि शेजारच्या पानाला लागते. उपाय अगदी सोपा आहे. मजकूर फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के, बाकीच्या तिन्ही शून्य. तपासणीही सोपी. अ‍ॅक्रोबॅट प्रोमधल्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’त एकेक प्लेट बंद करता येते. काळी प्लेट बंद केल्यावर पानावरचा सगळा मजकूर नाहीसा झाला तर काम बरोबर आहे. अक्षरांची करडी सावली मागे उरली तर तो मजकूर चार रंगांत चालला आहे. ही एक खूण माहीत असली तरी कितीतरी स्मरणिका वाचतील.

फोटोंच्या बाबतीत ‘तीनशे डीपीआय’ हा मंत्र सर्वांना पाठ आहे, अर्थ मात्र थोड्यांना. छापलेला फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. मासिकाच्या गुळगुळीत कागदावर इंचाला साधारण दीडशे ओळींची जाळी असते, वर्तमानपत्रात ती शंभर किंवा त्याहून विरळ. चित्रात जाळीच्या दुपटीइतके पिक्सेल असावेत, या हिशेबातून तीनशेचा आकडा आला. म्हणजे फाईलवर कोणता आकडा लिहिला आहे याला महत्त्व नाही. एकूण पिक्सेल किती आणि चित्र छापायचे किती इंच, हा भागाकार महत्त्वाचा. मोबाईलवर काढलेला चार हजार बाय तीन हजार पिक्सेलचा फोटो सव्वातेरा इंच रुंदीपर्यंत निर्धास्त छापता येतो, मग फाईल त्याला ७२ म्हणो की ३००. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आक्रसून आला आणि लांब बाजूला सोळाशे पिक्सेल उरले, तर सव्वापाच इंचांपुढे त्याची मजल जात नाही. तो पूर्ण पानभर ताणला की चेहरे धुरकटतात. काही जण अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये ७२ चे ३०० करतात आणि काम झाले असे समजतात. त्यात संगणक आहे त्याच पिक्सेलांच्या मधे अंदाजाने नवे भरतो, चेहऱ्यावरचा तपशील काही वाढत नाही. फोटो मूळ रूपात, ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलने मागवणे एवढाच खरा उपाय.

कापण्याच्या जागेचा नियम तर इतका साधा आहे की त्याचाच विसर पडतो. छापलेल्या कागदाची थप्पी एकदम कापली जाते आणि पाते प्रत्येक कागदावर एकाच केसावर पडत नाही. म्हणून पार्श्वभूमीचा रंग किंवा चित्र कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवून द्यायचे. त्यालाच ब्लीड म्हणतात. शिंपी शिलाईसाठी कापड राखून बेततो तसेच हे आहे, बेताच्या रेषेवरच कात्री चालवली तर अंगरखा तोकडा होणारच. ए-५ आकाराच्या पत्रिकेची फाईल म्हणून १४८ बाय २१० ऐवजी १५४ बाय २१६ मिलिमीटरची लागते. मजकूर मात्र कापाच्या रेषेपासून आत, निदान तेवढाच दूर ठेवायचा. पुस्तकाच्या मुखपृष्ठात याच्या जोडीला कण्याचा हिशेब येतो. डेमी आकाराचे, साडेपाच बाय साडेआठ इंचांचे २४० पानांचे पुस्तक घ्या. २४० पाने म्हणजे १२० कागद. सत्तर जीएसएमचा मॅपलिथो साधारण ०.०९ मिलिमीटर जाडीचा धरला तर कणा झाला पावणेअकरा-अकरा मिलिमीटर. मागचे पान १४०, कणा ११, पुढचे पान १४० आणि दोन्ही कडांचे तीन-तीन, मिळून फाईलची रुंदी २९७ मिलिमीटर. आता प्रकाशकाने आयत्या वेळी ऐंशी जीएसएमचा कागद घेतला की कणा बारापर्यंत जातो आणि कण्यावर मधोमध बसवलेले पुस्तकाचे नाव मुखपृष्ठाच्या बाजूला झुकते. चित्रकाराचा यात काडीचा दोष नसतो. कागद न ठरवता मुखपृष्ठ मागणाऱ्याचा असतो.

इथवरचे नियम जगातल्या कुठल्याही भाषेला लागू आहेत. देवनागरीचा प्रश्न यापुढचा आणि आपल्यासाठी सर्वांत नाजूक. युनिकोड रुळण्याआधी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, आकृती अशा प्रणालींतून मराठी मजकूर टाइप होत असे आणि पुष्कळ ठिकाणी अजून होतो. या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, आणि प्रत्येक प्रणालीने ते आपल्या सोयीने बसवले. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो तो त्यामुळे. एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत किंवा युनिकोडमध्ये मजकूर नेताना जोडाक्षरे पडतात, आणि विशेष करून मराठीचा खास अर्धा र दगा देतो. ‘आचाऱ्यांचा सत्कार’ रूपांतरात ‘आचार्यांचा सत्कार’ झाला तर शुद्धलेखन तपासणारे कोणतेही सॉफ्टवेअर हरकत घेणार नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत. युनिकोडने बराच प्रश्न सोडवला, पण आपोआप नव्हे. इनडिझाइनमध्ये देवनागरीसाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो. तो विसरला की ‘किती’ची पहिली वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून ती सुटी होतात. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली नाही, तर काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मग अक्षरांची घडण. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक बारीक टायपात शिरोरेषेतल्या एका फटीवर येऊन ठेपतो. शाई मुरणाऱ्या कागदावर तीच फट आधी बुजते. गडद रंगावर पांढऱ्या अक्षरांत बारीक मजकूर दिला तर उलटे होते, चारही बाजूंनी शाई आत सरकते आणि अनुस्वार नाहीसे होतात. रोमन अक्षरे जिथे तगतात तिथे देवनागरी तगेलच असे गृहीत धरता येत नाही. देवनागरीला टाइप थोडा मोठा आणि ओळींमधली जागा थोडी जास्त लागते.

फाईल द्यायची ती पीडीएफच्या छपाईसाठी ठरवलेल्या रूपात. पीडीएफ/एक्स नावाचे मानक २००१ पासून आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे आयएसओने स्वीकारलेले आहे. त्याचा ‘एक्स-१ए’ हा जुना, काटेकोर प्रकार. सगळे फॉन्ट फाईलमध्येच असले पाहिजेत, पडद्याचे रंग चालणार नाहीत, पारदर्शक थर सपाट केलेले हवेत, कापाची रेषा आणि छपाईची परिस्थिती नोंदलेली हवी. नंतरचा ‘एक्स-४’ पारदर्शकता तशीच राहू देतो. मूळ कोरल किंवा पेजमेकरची फाईल देण्याच्या सवयीपेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे, कारण पलीकडे फॉन्ट असो वा नसो, अक्षर हलत नाही. फॉन्टच्या भीतीने सगळा मजकूर ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. लहानशा जाहिरातीत ती चालते. दोनशे पानांच्या पुस्तकात मात्र ती अडचणीची ठरते. फाईल फुगते, बारीक अक्षरे किंचित जाड होतात आणि शेवटच्या क्षणी सापडलेली चूक छापखान्यात दुरुस्त करता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आजची सॉफ्टवेअरे इतकी हुशार आहेत, छापखान्यातली यंत्रणा फाईल आपोआप तपासते आणि दुरुस्तही करते, मग सामान्य माणसाने डोके का शिणवायचे? तपासणीची ताकद खरी आहे. फॉन्ट गायब आहे, फोटोत पिक्सेल कमी आहेत, रंग पडद्याचे आहेत, ब्लीड नाही हे सगळे ती क्षणात सांगते. पण फाईलमध्ये काय आहे एवढेच तिला कळते, काय असायला हवे होते हे कळत नाही. फोटो कमी पिक्सेलचा आहे हे सांगून ती थांबते, चांगला फोटो सचिवांच्या मोबाईलमध्ये आहे हे तिला कुठून ठाऊक असणार? पडद्याचा भगवा ती छपाईच्या रंगात बदलून देईल, पण संस्थेच्या पंचवीस वर्षांच्या ध्वजाशी तो जुळला पाहिजे हे तिला माहीत नाही. ब्लीड नसेल तर चित्र थोडे ताणून ती जागा भरेल आणि त्या ताणण्यात कडेला उभा असलेला माणूस कापला जाईल. आचाऱ्यांचे आचार्य झाले तरी ती मुकाट्याने पुढे जाऊ देईल. आपोआप होणारी दुरुस्ती ही बहुतेकांना चालेल अशी तडजोड असते, आणि आपले काम त्या बहुतेकांत बसते की नाही हे फक्त आपल्यालाच ठाऊक असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आम्ही पैसे मोजतो, छपाईची अक्कल छापखान्याने ठेवावी, ग्राहकाने का? यातला निम्मा भाग मान्यच करायला हवा. कागदाची जाडी, कण्याची रुंदी, किती ब्लीड हवा, कोणत्या रंग-प्रोफाइलवर फाईल करायची, जाळी किती ओळींची, पाने चारच्या पटीत हवीत की सोळाच्या, हे सांगणे छापखान्याचे काम आहे. ते लेखी न देता ‘फाईल पाठवून द्या, बघतो आम्ही’ म्हणणारा छापखाना पुढच्या बिघाडाचा भागीदारच असतो. पण उरलेला निम्मा भाग टिकत नाही. सपाट झालेल्या पीडीएफमध्ये मूळ थर नसतात, मूळ फोटो नसतो, मूळ मजकूरही संपादण्याजोगा नसतो. ते सर्व फाईल बनवणाऱ्याकडे असते. छापखान्यात दुरुस्ती म्हणजे वरून ठिगळ लावणे. हिशेबही पाहण्यासारखा आहे. ९६ पानांचा रंगीत अंक सोळा-सोळा पानांच्या सहा फॉर्ममध्ये बसतो. प्रत्येक फॉर्मला दोन बाजू आणि प्रत्येक बाजूला चार प्लेट, म्हणजे एकूण ४८. सर्व मजकूर एकट्या काळ्यात असेल, तर एका पानावरच्या नावातली चूक सुधारायला एक प्लेट बदलावी लागते. तोच मजकूर चार रंगांत असेल तर चार. छपाई होऊन गेल्यावर चूक दिसली तर अख्खा फॉर्म पुन्हा, कागदासकट. फाईलमध्ये हीच चूक दोन मिनिटांत, पैसा न लागता सुधारली असती. छपाईच्या वाटेवर जितके पुढे जाल तितकी दुरुस्ती महाग होत जाते. म्हणून ज्याच्या हातात ती सर्वांत स्वस्त आहे त्यानेच ती करावी, हाच न्याय आणि हाच व्यवहार.

तिसरा आक्षेप असा की, ही सगळी ऑफसेटची जुनी सोवळी आहेत. आता पन्नास प्रती डिजिटल यंत्रावर निघतात, फ्लेक्स तासाभरात मिळतो, कॅनव्हासारख्या साधनांत तयार नमुने असतात. हे खरे आहे, आणि नियमांतले आकडे कामागणिक बदलतात हेही खरे आहे. वीस फुटांवरून पाहायच्या फ्लेक्सला तीनशे पिक्सेलांचा आग्रह धरणे हा निव्वळ अडाणीपणा आहे, तिथे सत्तर-शंभरही पुरतात. डिजिटल छपाईत प्लेट नसल्यामुळे एक प्रत काढून पाहण्याची चैन परवडते. पण आकडे बदलले तरी प्रश्न तेच राहतात. डिजिटल यंत्रावर निघालेला कागदही कापावाच लागतो, तिथेही फॉन्ट हरवतात आणि तिथेही शाया किंवा टोनर त्याच चार रंगांचे असतात. तयार नमुन्यांची साधनेसुद्धा हे मानतात. कॅनव्हात छपाईची पीडीएफ काढताना ब्लीड आणि क्रॉप मार्क जोडण्याची सोय आहे, फक्त त्या चौकटीवर खूण करायला हवी. स्क्रायबससारखे मोफत सॉफ्टवेअर पीडीएफ/एक्स काढून देते. म्हणजे साधनांच्या महागाईचे कारणही आता पुढे करता येत नाही. कमी आहे ती साधनांची नाही, सवडीची.

सवडीचा हा मुद्दा मराठी छपाईला विशेष जाचतो. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा आज एवढी विस्तारली आहे की एकाच मुहूर्तावर असंख्य अंक छापखान्यांच्या दारात उभे राहतात. लग्नसराईचेही तसेच. जाहिराती शेवटच्या आठवड्यात येतात, फोटो शेवटच्या दिवशी, आणि प्रूफ पाहायला उरते ती शेवटची रात्र. प्रूफ म्हणून मोबाईलवर आलेले चित्र बोटांनी मोठे करून पाहिले जाते आणि अंगठा दाखवून मंजुरी दिली जाते. प्रूफ कागदावर, खऱ्या आकारात, शक्यतो दिवसाच्या उजेडात पाहायचे असते. एकदा फक्त मजकुरासाठी, एकदा फक्त नावे आणि आकड्यांसाठी, आणि एकदा पान उलटे धरून केवळ मांडणीसाठी. रंग महत्त्वाचे असतील तर छापखान्याकडून रंगाचे प्रमाणित प्रूफ मागवावे. त्यावर केलेली सही म्हणजे नुसता उपचार नव्हे. त्या सहीनंतर चुकीची मालकी बदलते.

तेव्हा पुढचे काम छापायला देण्याआधी छापखान्याला फोन करून कागद, आकार, ब्लीड आणि कणा विचारून घ्या आणि उत्तर लेखी घ्या. फोटो मूळ रूपात जमवा. मजकूर एकट्या काळ्या शाईत आहे का ते प्लेट बंद करून पाहा. मराठी अक्षरे अंतिम पीडीएफमध्ये वाचा, मूळ फाईलमध्ये वाचून समाधान मानू नका. कागदी प्रूफ पाहिल्याशिवाय सही करू नका. नेटके काम करणाऱ्या संस्था एवढ्यासाठी वेळापत्रकात दोन दिवस राखून ठेवतात. बाकीच्यांना ते दोन दिवस नंतर चुकांचे शुद्धिपत्रक छापण्यात घालवावे लागतात, आणि त्याची फाईलही पुन्हा बनवावीच लागते.